रक्ताचा सल्ला आणि सरकारची सनद

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांचे मन आपोआप गडकोटांकडे, लढायांकडे आणि जुन्या सनदांकडे धावते. आज आम्ही ज्या सनदेविषयी बोलणार आहोत, ती अद्याप कोणी कोणास दिलेलीच नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात एखाद्या घराच्या ओट्यावर बसून "तुमच्या रक्तात अमुक दोष आहे, आणि तो मुलाबाळांत असा असा उतरू शकतो" हे जो सांगतो, त्या माणसाला सरकारने कोणता अधिकार दिला आणि त्याच्यावर कोणते बंधन घातले, याची ही हकीकत आहे. इंग्रजीत अशा माणसास जेनेटिक कौन्सेलर म्हणतात. आपल्या कचेऱ्यांत 'समुपदेशक' हा शब्द रूढ झाला आहे. तो जिभेला जरा जड पडतो, म्हणून आम्ही त्यास अनुवंश-सल्लागार किंवा नुसता सल्लागार म्हणू.

प्रथम मुलूख डोळ्यांपुढे आणू. तापीच्या काठची काळी सुपीक जमीन, तिच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, आणि त्याही पलीकडे नर्मदा. पूर्वीच्या पश्चिम खानदेशातून, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यातून, १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा वेगळा निघाला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख भरली आणि दर दहांतील जवळजवळ सात माणसे आदिवासी होती: भिल्ल, पावरा, मावची, गावीत, कोकणी. शहादे-तळोद्याच्या बाजारात मराठी, गुजराती आणि अहिराणी चालते. पण धडगावच्या वर चढले की पावरी आणि भिली यांवाचून गती नाही. ही भाषेची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आमच्या प्रतिपादनात तिला पुन्हा यावयाचे आहे.

आता रोग. माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी गोल, मऊ आणि लवचीक असते. काही माणसांत ती प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मग सांध्यांत, पाठीत, पोटात असह्य कळा येतात. अंगातील रक्त कमी होते, प्लीहा वाढते, लहान मुले साध्या तापानेही दगावतात. यासच सिकलसेल म्हणतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील या विळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखविले की दोष पेशीत नसून पेशीतील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याची वारशाची रीत उकलली. हिंदुस्थानात लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत १९५२ साली तो आढळला, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातील रक्ताची हकीकत 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक-पत्रात छापली. विदर्भातील त्या तपासांत आदिवासींखेरीज इतर समाजांतही हे रक्त सापडले, हे येथे मुद्दाम सांगतो. हा अमक्या जातीचा रोग, असे म्हणावयाची सवय आपल्याकडे फार लवकर लागते.

खानदेशच्या डोंगरांतील काम त्यामानाने उशिरा झाले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासींच्या रक्ताची तपासणी वर्षानुवर्षे केली. सातपुड्यातही त्यांचे काम होते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत शंभरांतील वीस ते पस्तीस माणसे या दोषाचे धनी असल्याचे त्यांच्या पाहण्यांत दिसले. नंदुरबारसह गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा आणि यवतमाळ या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक प्रत्यक्ष रोगी असावेत, असा अंदाज पुढे मांडला गेला. डोंगरात हा दोष इतका टिकला कसा? आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली त्याचे उत्तर दिले: ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळतो त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेचसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या तगून राहण्याची ही किंमत होय.

येथे थोडे गणित केले पाहिजे. त्यावाचून सल्लागाराची गरज कळणार नाही. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस 'वाहक' होतो. तो नांगर धरतो, डोंगर चढतो; त्यास औषध लागत नाही. दोन्ही पालकांकडून आला तरच रोग होतो. वाहक नवरा आणि वाहक बायको यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक शक्यता रोगाची, दोन वाहक होण्याच्या, एक पूर्ण निर्दोष असण्याची. प्रत्येक अपत्याच्या बाबतीत, हे शब्द महत्त्वाचे. 'पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप' असा हिशेब शिकलेली माणसेही करतात आणि फसतात. आता असे समजा की एका जमातीत शंभरांत वीस वाहक आहेत. तर योगायोगाने जुळलेल्या शंभर लग्नांपैकी चारच अशी निघतील की ज्यांत दोघेही वाहक आहेत. उलट वाहक मुलीच्या दृष्टीने पाहा: तिच्यासाठी पाचांतील चार तरुण निर्धोक आहेत, आणि त्यांच्या घरी तिचे एकही मूल या रोगाने आजारी पडावयाचे नाही. हे तिला आणि तिच्या आईबापांना नीट सांगितले तर तिचे आयुष्य सरळ जाते. त्याऐवजी कोणी गावच्या सभेत तिच्या नावाचा कागद वाचून "ही पॉझिटिव्ह" एवढेच म्हणाला, तर ती बिनलग्नाची राहू शकते. त्यातून पहिल्या साध्या चाचणीत वाहक आणि रोगी यांतील भेद मुळी कळतच नाही. तो कळण्यास इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी लागते. 'पॉझिटिव्ह' हा शब्द त्या घटकेस अर्धवट असतो, पण गावात तो पुरा होऊनच फिरतो.

ही भीती आमच्या कल्पनेतील नव्हे. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचे गाव आहे. तेथेही हे रक्त फार. १९६० नंतरच्या दशकात तेथे सर्वांचे रक्त तपासले आणि वाहकाने वाहकाशी लग्न करू नये असा सल्ला दिला. स्टामाटोयान्नोपूलोस या शास्त्रज्ञांनी काही वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा दिसले की वाहक म्हणून ज्यांची नावे झाली त्यांच्या कपाळी डाग लागला होता, कित्येकांनी लग्न जमविताना ती गोष्ट दडविली होती, आणि ज्या हेतूने खटाटोप केला तो हेतू फारसा साधलाच नव्हता. अमेरिकेत १९७० नंतर काही राज्यांनी काळ्या लोकांच्या रक्ततपासणीचे सक्तीचे कायदे केले. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले. त्या देशाच्या हवाईदल अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. १९७२ च्या मध्यवर्ती कायद्याने मग तपासणी ऐच्छिक असावी, तिचा निकाल गुप्त राहावा आणि तिच्याबरोबर सल्ला मिळावा अशा अटी घातल्या. अनुभवाने पोळल्यावर आलेले हे शहाणपण होते.

सल्लागाराचा धंदा जन्मास आला तोही याच सुमारास. 'जेनेटिक कौन्सेलिंग' हे नाव मिनेसोटा विद्यापीठातील शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये पुढे आणले. ज्या संस्थेत ते काम करीत, तिला पैसा देणारा डाइट हा गृहस्थ 'वंशसुधारणे'चा कट्टर भक्त होता, आणि त्याने हिटलरला कौतुकाचे पत्रही धाडले होते! अशा घरात राहून रीड यांनी सांगितले की सल्लागाराने कुटुंबाला माहिती द्यावी आणि निर्णय कुटुंबावर सोडावा. १९६९ साली न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. मग संघटना झाली, परीक्षा आल्या, आणि २००२ साली यूटा राज्याने पहिले सरकारी परवाने दिले. आज अमेरिकेतील बहुतेक राज्यांत परवान्याची पद्धत आहे. म्हणजे नावापासून परवान्यापर्यंत पंचावन्न वर्षे गेली. आपण उतावीळ होण्याचे कारण नाही, पण निजून राहण्याचेही नाही.

आता आपल्याकडे पाहू. कायद्याने कोणाची नोंद करावयाची ही गोष्ट मुंबई इलाख्यास नवी नव्हती. १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही निघाली, १९३५ च्या कायद्याने परिचारिका, सुइणी आणि आरोग्य-निरीक्षिका यांची, आणि १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची. या शेवटच्या कायद्यातील एक व्यवस्था आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. पदवी नसलेले परंतु वर्षानुवर्षे धंदा करणारे जे वैद्य होते त्यांना एकदम गुन्हेगार न ठरविता त्यांची निराळी यादी करण्यात आली. कायदेमंडळास ठाऊक होते की खेड्यात आजाऱ्याच्या उशाशी बसणारा माणूस हाच आहे. सुइणींच्या बाबतीत मात्र नोंदवही शहरातच अडकली, आणि सातपुड्यातील बाळंतपणे नोंदवहीबाहेरच्या बायकांच्या हाती राहिली.

अनुवंश-सल्ल्याचा उल्लेख आपल्या कायद्यात आला तो अगदी वेगळ्या वाटेने. गर्भजल काढून मुलगा-मुलगी पाहावयाची आणि मुलगी असल्यास गर्भ पाडावयाचा, हा प्रकार १९८० नंतर मुंबईत बोकाळला. स्त्रियांच्या संघटनांनी त्याविरुद्ध रान उठविले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग-परीक्षेवर बंधन घालणारा देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली मध्यवर्ती कायदा झाला. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. या कायद्यात 'जेनेटिक कौन्सेलिंग सेंटर' म्हणजे अनुवंश-सल्ला केंद्र हा शब्द आहे, आणि नोंदणीवाचून असे केंद्र चालविता येणार नाही असे कलम आहे. पगारी असो वा मानसेवी, अपात्र माणूस तेथे ठेवता येत नाही. नियमांनी पात्रताही सांगितली: स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ, त्यास सल्ल्याच्या कामाचा सहा महिन्यांचा अनुभव किंवा चार आठवड्यांचे शिक्षण, अथवा वैद्यकीय अनुवंशशास्त्रज्ञ. शिवाय पुरेशी जागा, तक्ते आणि नमुने.

हा कायदा लक्षपूर्वक वाचणाऱ्यास दोन गोष्टी चटकन् दिसतात. एक, त्यात केंद्राची व्याख्या आहे, पण सल्ला म्हणजे काय याची नाही. खोली नोंदली गेली, बोलणे राहिले. दोन, व्याख्या अशी ऐसपैस आहे की कोणत्याही नावाची, कोणतीही जागा, जेथे रुग्णांस अनुवंशाचा सल्ला मिळतो, ती केंद्र ठरते. शब्दशः अर्थ लावला तर मोलगीकडच्या एखाद्या पाड्यावर जांभळीखाली बसून सिकलसेल समजावून सांगणारी आशाताई बिननोंदणीचे केंद्र चालवीत आहे! असा अर्थ कोणी लावीत नाही हे आमच्या ध्यानात आहे; पण कायद्याच्या नजरेसमोर शहरातले सोनोग्राफी यंत्र होते आणि सातपुडा नव्हता, हे त्यावरून कळते. कायदा करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या दारात मुलींच्या जिवाचा प्रश्न उभा होता, आणि त्यांनी त्याला हात घातला. त्याच कायद्याने रक्तदोषासाठी गर्भपरीक्षेस मोकळीकही ठेवली आहे, आणि सिकलसेल त्यात मोडतो. परंतु अशी परीक्षा मुंबईच्या परळमधील रक्तसंशोधन संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी होते. मजुरीवर पोट असलेल्या, तीन महिन्यांच्या गरोदर बाईने नर्मदेकाठच्या पाड्यावरून तेथवर वेळेत पोचावे कसे, याचा विचार कायद्यात नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने सिकलसेलचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन, असा संकल्प आहे. तपासलेल्या माणसाच्या हाती कार्ड द्यावयाचे, आणि लग्नापूर्वी पत्रिकेप्रमाणे कार्डे जुळवून पाहावयाची, असा प्रचार होतो. कार्ड ही वस्तू नंदुरबारला अपरिचित नाही. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले ते याच जिल्ह्यातील टेंभली गावात. परंतु डोंगरातील माणसाची सरकारी कागदाशी ओळख त्याहून फार जुनी, आणि ती सुखाची नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने त्याचे रान सरकारी झाले. सरदार सरोवराच्या याद्यांत मणिबेलीसह अक्कलकुवा-अक्राणीतील तेहतीस गावांची नावे चढली आणि माणसे उठली. घरात येऊन नाव विचारणारा, रक्त घेणारा आणि कार्ड देणारा माणूस कोणत्या खात्याचा, हा प्रश्न तेथील म्हाताऱ्याच्या मनात आला तर त्यास अडाणी म्हणू नये.

पत्रिकेची उपमा तर आम्हांस मुळीच पटत नाही. पावरा-भिल्लांत लग्न जमते ते कुळ वर्ज्य करून, देज ठरवून, पंचांच्या साक्षीने. भोंगऱ्याच्या हाटातून मनाने जमलेलीही लग्ने असतात. पत्रिका पाहण्याची रीत ही तुमच्या आमच्या घरांतली. ज्याच्या घरी पत्रिका कधी नव्हती त्याला पत्रिकेच्या दाखल्याने समजावणे म्हणजे आधी एक अपरिचित गोष्ट शिकवून मग दुसरी शिकवणे. शिवाय पत्रिका जुळली नाही तर तिऱ्हाईत घरी नकार जातो आणि गोष्ट तेथेच संपते. हे कार्ड मुलीच्या बहिणींच्या आणि भावांच्याही लग्नाच्या आड येते, कारण रक्त सर्वांचे एक. म्हणूनच ते कोणास दाखवावे आणि कोणास दाखवू नये, हे सांगणारा माणूस हवा. एड्सच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून तपासणीस आणि निकाल फोडण्यास बंदी केली. सिकलसेलच्या वाहकास असे स्वतंत्र कायद्याचे कवच नाही. प्रत्यक्ष रोग्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळाले आहे, ही चांगली गोष्ट. पण त्या हक्काची वार्ता त्याच्या घरी पोचवावयाची तीही पुन्हा सल्लागारानेच.

हा सल्लागार आज कोण आहे? प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, कंत्राटावरील समुपदेशक, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, गावची आशा, आश्रमशाळेचा मास्तर. २०२१ साली संसदेने आरोग्यक्षेत्रातील डॉक्टरेतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पेशी-अनुवंशशास्त्रज्ञ आहे, रेणु-अनुवंशशास्त्रज्ञ आहे, रोगविषयक समुपदेशक आहे. अनुवंश-सल्लागार त्याच्या स्वतःच्या नावाने नाही. या व्यवसायातील मंडळींनी देशात आपले एक मंडळ उभारून प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला आहे. पण त्यामागे सरकारी कायद्याचे बळ नाही.

तेव्हा सनद द्यावी की नाही? आमच्यात याविषयी बराच वाद झाला. एक पक्ष म्हणतो, ज्याच्या एका वाक्याने मुलीचे लग्न मोडते त्याच्यावर नोंदणीचे, शिक्षणाचे आणि गुप्ततेचे बंधन हवेच. चुकला तर त्याचे नाव नोंदवहीतून काढता आले पाहिजे. हे आम्हांस मान्य आहे. दुसरा पक्ष म्हणतो, सनद म्हणजे पदवी, पदवी म्हणजे पुणे-मुंबई, आणि पदवीधर माणूस धडगावला टिकत नाही. उद्या कायद्याच्या धाकाने आशाताई गप्प बसली तर कार्ड तेवढे राहील आणि बोलणारे कोणी राहणार नाही. हेही खोडून काढता येत नाही. आमचा कल १९३८ च्या त्या यादीकडे आहे. जो आज हे काम करतो त्याची नोंद करा, त्यास चार आठवड्यांचे का होईना नीट शिक्षण द्या, निकाल फोडणार नाही अशी लेखी हमी घ्या, त्याच्या मागे जिल्ह्याच्या ठिकाणी एक पूर्ण शिकलेला सल्लागार उभा करा. नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जागेची सबब आता सांगता यावयाची नाही. आमच्यापैकी एकास ही तडजोड अपुरी वाटते. त्यांचे म्हणणे असे की चार आठवड्यांत गणित शिकविता येईल, पण मान खाली घालून बसलेल्या मुलीपुढे केव्हा थांबावे हे शिकविता येणार नाही.

या वादात नोंदवहीचे जे नमुने आम्ही चाळले, त्यांत नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव, नोंदणीक्रमांक असे रकाने आहेत. पावरी येते का, भिली येते का, हे विचारणारा रकाना आम्हांस अजून एकाही नमुन्यात दिसलेला नाही.